आईजवळ कोण थांबणार?

९ मार्च

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे लिहीत नाही. पत्र तू आईच्या नावाने धाडलंस, पण त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उद्धार माझाच होता. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "घे, तुझंच आहे." म्हणून उत्तर मी देते.

"शेहेचाळिसाव्या वर्षी अर्ध्या चड्डीत रस्त्याने धावते, लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नाहीत. लोक झोपलेले असतात. मी पाचला बाहेर पडते आणि साडेसातला घरी येते. मग आईला उठवून बसवणं, तोंड धुणं, चहा, गोळ्या, तिच्या डाव्या पायाचा व्यायाम. साडेनऊला मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत चाकापुढे असते आणि संध्याकाळी सहापर्यंत दुसऱ्यांच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तुझ्या पत्रात "रिकामपणाचे उद्योग" असे शब्द आहेत. हा रिकामपणा माझ्या दिवसात नेमका कुठे दिसला, तेवढं कळव. मीही शोधतेय.

आणि हे खूळ कोणी डोक्यात घातलं, असंही विचारलंयस. आईने. झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, पायात जोर येईल. मी तलावाशेजारच्या पोहण्याच्या हौदावर नाव घातलं आणि तिला धरायला म्हणून स्वतःही पोशाख चढवला. तिने उजवा पाय पाण्यात बुडवला, काढला आणि म्हणाली, "मी काही म्हैस नाही." विषय संपला. ती बाकावर टॉवेल पांघरून बसली आणि मी पोशाखात काठावर उभी. मग मीच उतरले. तिथल्या मास्तरांच्या गळ्यात सतत शिट्टी असते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. ते वरून ओरडले, "बाई, पाण्याला एवढं मारताय कशाला? काय बिघडवलंय त्याने तुमचं?" दोन वर्षांत पहिल्यांदा आई इतकी हसली. दुसऱ्या दिवशी मी परत गेले.

तर त्या खुळाला ट्रायथलॉन म्हणतात. तलावात दीड किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानेच सायकलवर बसून चाळीस किलोमीटर तोडायचे आणि सायकल ठेवून दहा किलोमीटर धावायचं. सगळं चार तासांच्या आत. अठरा ऑक्टोबरला आहे. मी नाव दिलंय. तुला विचारलं नाही, कारण तू मला कधी काही विचारत नाहीस.

धाकटी


२६ एप्रिल

ताई,

आई बरी आहे. मागच्या रविवारी जरा धडपडली, मनगटाला मुका मार बसलाय. काळजीचं काही नाही. मी सायकलवर होते आणि वाटेत गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या म्हणणार नाही, पण बोराएवढ्या नक्की. हेल्मेटवर ताशा वाजत होता. एका बंद गोदामाच्या पत्र्याखाली पाऊण तास अडकून पडले, म्हणून घरी पोचायला उशीर झाला. गारा काही मी पाडल्या नाहीत.

हे मुद्दाम कळवते, कारण खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई तुझ्याशी फोनवर बोलतात हे मला माहीत आहे. निवृत्त झाल्या तरी त्यांची ड्यूटी काही संपत नाही. त्या तिखटमीठ लावून सांगतील.

धाकटी


१४ मे

ताई,

"मला माहीतच होतं." पाच पानांच्या पत्रात हे वाक्य चार वेळा. तुला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस? आपण सगळे सावध झालो असतो.

नर्सबाईंनी तिखटमीठ लावलं नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं, आणि मला त्यांचाच जास्त राग आला. डाव्या मनगटाचं हाड मोडलंय. प्लास्टर आहे. आणि तू विचारलेल्या "नेमकं काय झालं"चं उत्तर आता देते. एकदाच देते, पुन्हा विचारू नकोस.

रविवारी मी लांब जाते तेव्हा नर्सबाई सातला वर येऊन बसतात. त्या रविवारी त्या गावाला जाणार होत्या आणि त्यांनी मला शनिवारी तसं सांगितलं होतं. मी आईला म्हटलं, आठच्या आत येते, तोवर उठू नकोस. वळायच्या नाक्यावर सव्वासातला पोचले. पाय छान चालले होते. वारा पाठीमागून होता. इतके दिवस तोंडावर वारा खाल्ल्यावर पाठीचा वारा म्हणजे काय असतं, ते तुला कळणार नाही. मला वाटलं, पुढच्या पुलापर्यंत जाऊ. पुलाशी वाटलं, अजून थोडं. वळले तेव्हा पावणेआठ झाले होते आणि तोच वारा तोंडावर आला. गारा सव्वानऊला पडल्या, ताई. आई सव्वाआठला पडली होती. बाथरूमला जायचं होतं, तिने आठपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःच उठली. मी दहा वाजून गेल्यावर दार उघडलं.

ती जमिनीवर होती. रडत नव्हती. म्हणाली, "आधी ते ओले बूट काढ, घसरशील."

आता झालं समाधान? मी पत्र लिहिलं तेव्हा गारा आधी घातल्या आणि आईला नंतर पाडलं. लिहिताना मलाही ते खरं वाटलं होतं.

पण एक ऐक. दोन वर्षांत मी आईला सातशेहून जास्त वेळा उठवून बसवलंय. त्यातल्या एका सकाळी मी नव्हते. तू किती सकाळी होतीस? अकरा. झटका आला तेव्हा आलीस, अकरा दिवस राहिलीस आणि रिक्षात बसताना मला म्हणालीस, "तुझं बरं आहे, तू एकटी आहेस, तुला जमेल." मी तेव्हा गप्प बसले, कारण आई खिडकीत होती. एकटीला जमतं, हे तुला कोणी सांगितलं?

सायकल जिन्याखाली उभी करून ठेवली आहे. पोहणं बंद, धावणं बंद. तुझ्या मनासारखं झालं.

धाकटी


२० जुलै

ताई,

तुझ्या मनासारखं झालेलं फक्त पाच आठवडे टिकलं.

मी घरात अशी वावरत होते, जशी कोणाची तरी शिक्षा भोगतेय. आईला सूप भरवताना सुस्कारे, दुकानातून आल्यावर सुस्कारे. एका सकाळी तिने वाटी बाजूला सारली.

"हात माझा मोडलाय. तू कशाला लंगडतेस?"

"तुला सोडून मी कुठे जाणार नाही."

"मी म्हटलं होतं का जाऊ नकोस म्हणून? मी म्हटलं होतं आठपर्यंत ये. दोन्हीत फरक आहे. तुम्हा दोघी बहिणींना मधलं काही दिसतच नाही. एक जाते ती येत नाही, आणि एक बसते ती हलत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने नर्सबाईंना वर बोलावलं, आठवड्याचं वेळापत्रक ठरवलं आणि ते उजव्या हाताने, मोठ्या अक्षरात कॅलेंडरमागे लिहून भिंतीला लावलं. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना जोडून देण्यात गेली तिची, तिला वेळापत्रक कोण शिकवणार? मला विचारलं नाही. नर्सबाईंनाही विचारलं असेल असं वाटत नाही.

पाच आठवड्यांत अंगातलं सगळं उतरलं होतं. पहिल्या दिवशी दोन किलोमीटर धावले आणि विजेच्या खांबाला धरून उभी राहिले. आणि हवा! या वर्षी हवेने माझ्याशी वैरच धरलंय. धावायला निघाले की पाऊस, सायकल काढली की वारा. हौदातलं पोहणं जमायला लागलं, तर मास्तर म्हणाले, आता तलावात. तलावात उतरले तर धुकं.

तलावाचं सांगते. हौदात खाली तळाची फरशी दिसते, रेघा दिसतात. तलावात स्वतःचा हातही दिसत नाही. शंभरेक मीटर गेले आणि डोकं वर काढलं, तर किनारा नाही, मास्तरांची होडी नाही, चारी बाजूंनी सारखं पांढरं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यात पाणी गेलं. होडी पंचवीस हातांवर होती. मास्तरांनी मला मानेशी पोशाखाला धरून आत ओढलं, मांजराचं पिल्लू उचलतात तसं. मी खोकत, थरथरत बसले होते आणि ते म्हणाले, "आज पाण्याने तुम्हाला मारलं. फिट्टंफाट."

मला त्यांना तलावात ढकलावंसं वाटलं. पण चार दिवसांनी परत गेले. या वेळी ते दर मिनिटाला शिट्टी वाजवत होते, मला कळावं म्हणून की होडी कुठे आहे.

आता मुद्द्याचं. अठरा ऑक्टोबरला शर्यत आहे. नर्सबाईंच्या भाचीचं लग्न त्याच दिवशी, म्हणजे त्या नाहीत. सकाळी पाच ते दुपारी दोन आईजवळ कोण थांबणार? तू थांबणार. मी विनंती करत नाहीये. तीन दिवस ये. दोन वर्षांत तीन दिवस.

धाकटी


३० ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. एका पानाचं. या वेळी शब्द सुचले नाहीत वाटतं.

भाच्याची परीक्षा नोव्हेंबरमध्ये आहे म्हणून तुला ऑक्टोबरमध्ये घर सोडता येत नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याला भात लावता येत नाही, की पुस्तकाचं पान तू उलटतेस? आणि भाऊजींना तुझ्याशिवाय चहा सापडत नाही, हे वाचून मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. डबा ओट्याच्या वरच्या फळीवर असतो, सगळ्यांच्याच घरी. कळव त्यांना.

पण खरा कहर शेवटच्या ओळीत आहे. "दोन-तीन दिवसांसाठी आईला एखाद्या चांगल्या शुश्रूषागृहात ठेवता येईल का ते पाहा."

ठेवता येईल. का नाही? सामान ठेवायच्या खोलीत बॅग ठेवतात तसं. चिठ्ठी लावू गळ्यात.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार नव्हते. पण तिने पाकीट पाहिलं आणि "वाच," म्हणाली. त्या ओळीशी मी अडखळले, तेव्हा तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. मला वाटलं, आता रडेल. तिने मला कागद घ्यायला सांगितला. पुढचं तिचं आहे, एक शब्दही बदललेला नाही:

"मोठे, तू ये किंवा येऊ नकोस. पण तुम्ही दोघी सहा महिने भांडताय ते मला कोण सांभाळणार यावर. मला काय हवंय ते एकीने तरी विचारलंत का? मला घरात थांबायचंच नाही. मला तलावावर जायचंय. ही पाण्यात काय करते ते मला बघायचंय. खुर्ची ढकलायला माणूस हवंय, बसायला नको. जमत असेल तर कळव, नाहीतर मी मास्तरांना सांगेन."

आईने मास्तरांचा नंबर कधी मिळवला, मला माहीत नाही.

धाकटी


५ ऑक्टोबर

ताई,

सोळाला येतेयस हे कळलं. उपकार मानत नाही.

आईला उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. डाव्या बाजूला उभं राहायचं, गुडघ्याला गुडघा टेकवायचा आणि तिने "हं" म्हटल्यावरच उचलायचं. तिने म्हटल्यावर, तुला वाटल्यावर नाही. डावा मोजा आधी. पाणी पेल्याने द्यायचं नाही, ठसका लागतो, चमच्याने. तिला दया दाखवलीस तर ती तुला बोलेल, आणि मी मध्ये पडणार नाही.

इथे नऊ दिवस सूर्य नाही. रस्त्यावर पाणी आहे म्हणून इमारतीचे जिने चढतेय, उतरतेय. पाच मजले, चाळीस वेळा. चौथ्या मजल्यावरच्या वकिलांनी दार उघडून विचारलं, "काही हरवलंय का?" "वेळ हरवलाय," म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं.

धाकटी


९ नोव्हेंबर

ताई,

तू आईला घेऊन गेलीस त्याला एकोणीस दिवस झाले. इतके दिवस मी लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की कागद फाटेल इतकं जोरात पेन दाबलं जात होतं.

आधी शर्यतीचं सांगते. तू तिथे होतीस, पण ताडपत्रीखालून तुला सुरुवात आणि शेवट एवढंच दिसलं.

वादळामुळे त्यांनी पोहणं अर्ध्यावर आणलं हे ऐकून मी त्या आयोजकाशी भांडले, ते तू पाहिलंस. आठ महिने मी दीड किलोमीटरसाठी मेले होते, आणि तो कर्ण्यावरून सांगतो, साडेसातशे! पण आठला पाण्यात गेल्यावर पहिल्याच लाटेने तोंडात चापट मारली, तेव्हा मनातल्या मनात त्याचे पाय धरले. मी धुक्याला घाबरायचे, पण त्या दिवशी घाबरायलाही फुरसत नव्हती. हात टाकायचा, श्वास घ्यायचा, पुढच्याच्या टाचा शोधायच्या. बाहेर आले तेव्हा माझ्यामागे फक्त चौघे होते, पण होते.

सायकलवर सव्विसाव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. बोटं इतकी गारठली होती की टायर निघेना. दाताने ओढलं. खरंच दाताने. एका खेपेला नवी ट्यूबही चिमटली आणि पुन्हा पहिल्यापासून. पस्तीस मिनिटं गेली. तिथे चिखलात बसून मी मोठ्याने शिव्या दिल्या. वाऱ्याला, ट्यूबला, तुला. हो, तुलाही. तू पुढे काय करणार होतीस ते मला माहीत नव्हतं.

धावताना शेवटच्या तीन किलोमीटरला रस्त्यावर कोणी नव्हतं. पाण्याची टेबलं उचलली होती. चार तास होऊन गेलेत हे मला माहीत होतं. तरी चालले नाही, धावले. धावणं म्हणण्यासारखं ते नसेल, पण चालणं नव्हतं. वळणावर आले तर शेवटची कमान अजून उभी, आणि तिच्याखाली आईची खुर्ची. बरोबर मध्ये. आईच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, तुझी छत्री उलटी होऊन तिच्या काड्या वर आलेल्या. आई म्हणाली, "सव्वाबारा झाले." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तू म्हणालीस, "कपडे बदल, सर्दी होईल." बस, एवढंच बोललीस.

परवा मास्तर भेटले. त्यांनी मला जे सांगितलं ते तू का नाही सांगितलंस? माणसं कमान उतरवायला आली तेव्हा तू आईची खुर्ची तिच्याखाली नेऊन चाकांचे ब्रेक लावलेस म्हणे. "माझी बहीण अजून रस्त्यावर आहे. ती येईपर्यंत याला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे." त्या आयोजकाला म्हणालीस, "दोन वर्षं तिने एकटीने केलंय, पंधरा मिनिटं तुम्हाला थांबता येत नाही?" मास्तर म्हणाले, "तुमच्या ताईंचा आवाज माझ्या शिट्टीपेक्षा मोठा आहे."

माझ्या बाजूचं असं एखादं वाक्य मला दोन वर्षांपूर्वी हवं होतं. रिक्षात बसताना. परक्या माणसाला सांगितलंस, भर पावसात, आणि मला सांगायला तुझं तोंड उघडलं नाही. याचा मला भयंकर राग आलाय. आणि निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे "वेळेत पूर्ण नाही" असं लिहिलंय, त्याचाही.

पण सगळ्यात मोठा राग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा आहे. आईने चमचा खाली ठेवला आणि सरळ जाहीर केलं, "मी दोन महिने मोठीकडे जातेय." तू ताटाकडे बघत होतीस, म्हणजे तुमचं आधीच ठरलं होतं. मी म्हटलं, माझं काय चुकलं? आई म्हणाली, "काही नाही. तू पाण्यात जातेस तेव्हा तू बाहेर येईपर्यंत मी इथे श्वास धरून बसते. दोन महिने मला जरा श्वास घेऊ दे. तुलाही."

मला विचारायचं तरी! मी भांडले ते तीन दिवसांसाठी. दोन महिने कोणी मागितले होते?

पहिले चार दिवस मी पाचला उठत होते आणि तिच्या रिकाम्या पलंगाशी जाऊन उभी राहत होते. पाचव्या दिवशी साडेनऊपर्यंत झोपले. दुकानात उशिरा पोचले, मालक रागावले नाहीत, उलट म्हणाले, "चेहरा बरा दिसतोय." मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर चिडचिड झाली.

काल तलाव शांत होता. मास्तरांना होडी काढायला लावली आणि पूर्ण दीड किलोमीटर पोहले. एक्केचाळीस मिनिटं. शिट्टी एकदाही वाजवू दिली नाही. काठावर आले, सवयीने घड्याळ पाहिलं आणि ओल्या कपड्यांनीच सायकलीकडे पळत सुटले.

"बाई, एवढ्या घाईने कुठे?" मास्तरांनी विचारलं.

ताई, मी तिथेच बाकावर बसले. थंडी वाजत होती तरी बसले. मास्तर होडी बांधून घरी गेले, पाणी स्थिरावलं, समोरच्या काठावरची झाडं दिसायला लागली. आठ महिन्यांत मी तो तलाव पाहिलाच नव्हता. तासभर बसले. कोणी माझी वाट बघत नव्हतं.

तुम्ही दोघींनी संगनमत करून माझ्यावर हा अन्याय केलाय. तो मला आवडायला लागलाय, त्याचं मी काय करू ते सांग.

धाकटी